दहावा खंड वाडीला आहे

कोल्हापूरला माणूस अंबाबाईला जातो, नाहीतर चपला, गूळ आणि मटण यांच्यासाठी जातो. मी एका हातासाठी गेले. छापील हातासाठी. मनगटात तांब्याचं कडं, मुठीत सुरा, आणि सुऱ्याखाली रबरी नळी. त्या नळीच्या दुसऱ्या टोकाला, खोल समुद्रात, पाणबुड्या सारंग. हे चित्र मी सहावीत असताना पाहिलं होतं. त्याच्या पुढचं पान काही पाहायला मिळालं नव्हतं.

मी नाशिकला एका कारखान्याचं स्टोअर सांभाळते. कुठली वस्तू कुठल्या कप्प्यात आहे, काय संपलं, काय मागवायचं, हे सांगणं माझं काम. घरी तीच सवय मी जुन्या चित्रकथांना लावली. सारंगचे अंक गोळा करता करता लोक मला त्यांच्याकडच्या जुन्या अंकांची किंमत विचारू लागले आणि मीही ती सांगू लागले. कडा छाटल्यात का, मुखपृष्ठं राखलीत का, मधली जाहिरातीची पानं आहेत का, पिना गंजल्यात का, कसर लागली आहे का, एवढं पाहिलं की अंदाज येतो. या छंदातला एक कडू नियम सांगून ठेवते. बांधलेल्या खंडापेक्षा सुटे अंक महाग जातात. म्हणून खंड हातात पडला की बहुतेक जण शिवण उसवून अंक मोकळे करतात. मीही केलेत. प्रवासाच्या पिशवीत माझा कटर असतोच.

माझ्या यादीत सारंगचा एकच अंक रिकामा होता. सुराधारी हाताचा.

मग एके दिवशी कोल्हापूरच्या एका ओळखीच्या संग्राहकांनी फोनवर फोटो पाठवला. लाल कापडी पाठीचे जाडजूड खंड, प्रत्येकाच्या पाठीवर पांढऱ्या रंगात हाताने काढलेला आकडा. खाली लिहिलं होतं, 'म्हातारे दुकान बंद करताहेत. सोमवारी एक व्यापारी येऊन सगळे घेऊन जाणार.' त्यातला नऊ मी लगेच ओळखला. त्या नऊची शेपटी मुंगसासारखी वर उचललेली होती, लहानपणी मी ती बोटाने गिरवायची. वडिलांच्या बदलीमुळे आम्ही दोन वर्षं कोल्हापुरात होतो, आणि हे खंड दस्तगीरचाचांच्या वाचनालयातले होते.

शुक्रवारी रात्रीच्या गाडीत बसले.

कोल्हापूर, शनिवार

सकाळी गंगावेशीत उतरले तर म्हशी अजून रस्त्यातच उभ्या होत्या आणि लोक पेला पुढे करून धारोष्ण दूध पीत होते. आमच्या नाशकात दूध पिशवीतून येतं आणि म्हैस फक्त रहदारी अडवते. मीही पेला घेतला. ओठावर फेस राहिला तेव्हा वडिलांची आठवण झाली. ते मला इथेच आणायचे आणि स्वतः मात्र चहा प्यायचे.

नंतर मिसळ. याबाबतीत मी नाशिककर म्हणून आले होते आणि भांडायच्या तयारीत होते. इथे पावाऐवजी ब्रेडचे जाड तुकडे देतात, आणि कट संपला की न विचारता वाढतात. मी म्हटलं, "आमच्याकडे मिसळीबरोबर जिलबी मिळते." वाढणारा म्हणाला, "तिकडं तिखट सोसत न्हाई, म्हणून देत असतील." डोळ्यांतून पाणी येत असल्यामुळे मला प्रतिवाद करता आला नाही.

चाचांचं दुकान शनिवार पेठेतल्या त्याच बोळात होतं. दोन पायऱ्या, फळ्यांचं दार, आणि आत खळीचा तो वास. पुस्तकं चिकटवायची खळ चाचा घरीच शिजवायचे आणि कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालायचे. त्या वासाने मी पायरीवरच थबकले. आत एक पांढऱ्या दाढीचे, भक्कम खांद्यांचे गृहस्थ स्टुलावर बसले होते.

"या पावणं. रद्दीवालं का?"

"नाही चाचा. मी इथली जुनी वाचक आहे. इरिगेशनच्या साहेबांची मुलगी."

चाचांनी चष्मा कपाळावर चढवला. "पानं मोजून परत करणारी?"

"हो."

"अगं बाई! दुकानात पाच पन्नास पोरं यायची, तुझ्यासारखी एक न्हवती. खंड घेताना पानं मोजायची, देताना मोजायची, आणि वर मलाच म्हणायची, चाचा, मोजून घ्या." ते आतल्या दाराकडे वळून ओरडले, "रेहाना! ती मोजणारी आलीया बघ!"

चाचांची सून रेहाना हात पुसत बाहेर आली. "बसा की. मी च्या टाकतो," म्हणाली. बायकांनी 'मी येतो, मी जातो' म्हणायची ही कोल्हापूरची पद्धत मी सहावीत उचलली होती आणि नाशकातल्या शाळेत त्यावरून मार खाल्ला होता. इतक्या वर्षांनी ते कानावर पडलं आणि मी विनाकारण हसले.

चहाबरोबर खंड पुढ्यात आले. मी सवयीने तपासायला बसले. कडा अगदी बेताने छाटलेल्या, अक्षराला कुठेही धक्का नाही. मुखपृष्ठं सगळी राखलेली. कसरीचं एक भोक नाही. किती हातांतून गेलेली ही पानं, कोपरे मऊ पडलेले, पण शिवण जशीच्या तशी. नववा मी शेवटी ठेवला होता. शेवटचं पान उघडलं. कडं, सुरा, नळी. सगळं तिथेच होतं. फक्त ते चित्र माझ्या आठवणीत पानभर होतं, प्रत्यक्षात आगपेटीएवढं निघालं.

इथे चाचांची एक करामत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. बाकीचे बाइंडर अंक मोजून खंड बांधत. चाचा गोष्ट तोडून बांधत. खंडातला शेवटचा अंक मधोमध उसवायचा, अर्धा या खंडाच्या शेवटी शिवायचा आणि अर्धा पुढच्या खंडाच्या सुरुवातीला. तोडायचं तेही कुठेही नाही, नेमकं जिथे जीव टांगणीला लागतो तिथे.

"पोरगं रातभर झोपलं न्हाई पायजे," चाचा समाधानाने म्हणाले. "सकाळी मी दार उघडायच्या आधी पायरीवर पायजे."

"आम्ही तुम्हाला किती शिव्या दिल्या असतील!"

"मला ऐकू यायच्या की. पन पायरीवर असायचा ना सगळे?"

वाचक म्हणून मी ही करामत भोगली होती. किंमत करणारी म्हणून आता तिचा दुसरा परिणाम दिसत होता. हे खंड उसवले तर प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना एकेक अर्धा अंक निघणार, आणि व्यापारी अर्धे अंक सरळ रद्दीत टाकणार. एकही खंड शेजाऱ्याशिवाय पुरा नव्हता. माझा हवा असलेला अंकसुद्धा अर्धा नवव्यात होता आणि अर्धा दहाव्यात.

"दहावा दाखवा," मी म्हटलं.

रेहाना कपबशा उचलून आत गेली.

"धावा न्हाई," चाचा म्हणाले. "धावा वाडीला हाय."

वाडी म्हणजे नरसोबाची वाडी. बाळू नावाचा एक मुलगा मामाकडे राहून इथे शिकत होता आणि चाचांकडे वाचायला यायचा. नववा माझ्याकडे असतानाच्या एका दुपारी चाचा जेवायला गेले होते, दुकानात चाची बसल्या होत्या. बाळूने नववा मागितला. नववा नव्हता. पोराचं तोंड पडलेलं बघून चाचींनी नियम मोडून त्याला दहावा दिला. बाळूला शेवट मिळाला, सुरुवात मिळाली नाही. मी नववा परत केल्यावर तो धावत आला. चाचा म्हणाले, एका वाचकाला एक खंड, आधी दहावा आण. बाळू म्हणाला, नववा वाचल्याशिवाय दहावा कळत नाही, आधी नववा द्या. त्यातच त्याला वडिलांनी दुकानासाठी वाडीला बोलावून घेतलं. दहावा त्याच्याबरोबर गेला.

"मग इतक्या वर्षांत तुम्ही मागितला नाही?"

"मी कशाला मागू? खंड कुनी न्हेलाय? त्यानं आनून द्यायला पायजे."

"आणि तो?"

"दोनदा आलता. दारात उभा राहून म्हनला, नववा देताय का? मी म्हनलं, धावा आनलायस का? गेला निघून."

आतून रेहाना सासूबाईंबद्दल म्हणाली, "अम्मी जाईपर्यंत म्हणायच्या, जाऊन घेऊन या. ह्यांचा एकच हेका, नियम म्हंजे नियम."

"नियम तिनं मोडलाता," चाचा हळूच म्हणाले. मग थोड्या वेळाने, "तिला काय बोललो न्हाई मी. त्या पोराला बोललो."

मी विचारलं, सोमवारी व्यापारी खंड नेणार, त्याचं काय? हे दुकान महिनाअखेर रिकामं करायचं होतं, आणि व्यापारी चाचांच्या मुलाने ठरवला होता. चाचा खंडांवरून हात फिरवत म्हणाले, "त्यो उसवनार. मला ठावं हाय. शिवन माझी हाय, माझ्या डोळ्यांदेखत सुरा लावनार. एका घरात सगळे न्हेनारा कुनी भेटला तर मी पोराला थांबवतो. पन कुनाला म्हनू, सगळे घ्या म्हनून? मधलाच दात पडलाय."

मी हिशेबी बाई आहे. मला एक अंक हवा होता आणि त्यासाठी दोन खंड लागत होते. चाचांना खंड एकत्र राहायला हवे होते आणि त्यासाठी दहावा लागत होता. दोन्ही कामांची वाट वाडीवरूनच जात होती.

"उद्या मी वाडीला जाते. नववा माझ्याकडे द्या. त्याला वाचायला देते आणि दहावा आणते."

चाचांनी माझ्याकडे बघितलं. "डिपॉझिट?"

मला वाटलं, थट्टा. थट्टा नव्हती. मी कपड्यांची पिशवी ठेवली, तेव्हाच नववा माझ्या हातात आला. रेहानाने तो एका धुतलेल्या पंच्यात गुंडाळून दिला. "आणि धावा आनलास तर सगळे तुझे," चाचा म्हणाले. "उसवनार न्हाईस म्हणून शब्द दे फक्त."

मी लगेच शब्द दिला नाही. माझा कटर त्याच पिशवीत होता.

रात्री रेहानाने जेवायलाच बसवलं. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, आणि वाटी रिकामी झाली की पुन्हा भरलेली. आमच्याकडे पाहुण्याला 'अजून घ्या' म्हणतात. इथे 'लाजताय काय' असं दरडावतात.

हातकणंगले, रविवार

वाडीची एसटी हातकणंगल्याला बंद पडली. ड्रायव्हर खाली उतरला, वाकून बघितलं आणि कुणाशी काही न बोलता चहाच्या टपरीकडे गेला. त्यावरून सगळ्यांनी ओळखलं की वेळ लागणार. माझ्या वेळापत्रकात या थांब्याला जागा नव्हती.

मी पंच्यात गुंडाळलेला खंड मांडीवर घेऊन बाकावर बसले होते. शेजारी नऊवारीतल्या एक आजी भडंग खात होत्या. त्यांनी पुडी माझ्यापुढे केली आणि विचारलं, "वाडीला का?"

"हो."

"पारायणाला?" त्यांची नजर मांडीवर होती. मी उत्तर देण्याआधी त्यांनी भडंगाचा हात पदराला पुसला, गुंडाळीला लावला आणि कपाळाला नेला. पलीकडच्या बाकावरच्या दोघी उठून आल्या आणि त्यांनीही हात लावला. एकीने तर मुलाचं डोकं टेकवलं.

"आजी, ही पोथी नाही," मी घाईघाईने म्हटलं. "हे गोष्टींचं पुस्तक आहे."

"पोथीत तरी काय असतंय? गोष्टीच की!"

"चित्रांच्या गोष्टी आहेत. पाणबुड्याच्या."

"पान्यात बुडतोय, आनि कुनीतरी तारतंय?"

शेवट मलाच माहीत नव्हता. "बहुतेक," मी म्हटलं.

"मग झालं तर," म्हणून आजींनी पुन्हा एकदा हात लावला. सारंगला इतका मान त्याच्या छापणाऱ्यांनीही दिला नसेल. गाडी सुरू होईपर्यंत मी तो मांडीवरून खाली ठेवू शकले नाही, कारण ठेवते आहे असं दिसताच आजी म्हणत, "जमिनीवर नगं."

नृसिंहवाडी

जयसिंगपूर, शिरोळ मागे टाकत उसातून रस्ता वाडीत शिरतो. देवळाकडे जाणारी वाट दोन्ही बाजूंनी पेढे, बासुंदी आणि कवठाच्या बर्फीने भरलेली. आमच्या त्र्यंबकेश्वराला दुकानदार हाक मारून बोलावतात, इथे नुसता पेढा पुढे करतात. चव घेतली की पाय आपोआप थांबतो. चार पेढे चाखून झाल्यावर मी पाचव्या दुकानात बाळू म्हणून विचारलं.

"बाळासाहेब म्हना की. बाळू म्हननारं आता कोन ऱ्हायलं न्हाई," गल्ल्यामागचे गृहस्थ म्हणाले. टक्कल, कपाळाला अष्टगंध, झब्ब्याच्या बाह्या दुमडलेल्या. तेच बाळू होते.

मी पंचा सोडला आणि नववा गल्ल्यावर ठेवला.

त्यांनी हात लावला नाही. आधी आकड्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग ओरडले, "अगं, गल्ल्यावर बस! मी घाटावर चाललोय!" आतून बायकोने विचारलं, "का?" हे म्हणाले, "नववा आलाय!" मग आतून आवाज आला, "खरंच?" म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं.

दहावा आणायला ते माडीवर गेले, मीही मागोमाग गेले. भिंतीवर पुराच्या पाण्याची पिवळी रेघ अजून होती, माझ्या डोक्याच्या वर. त्या रेघेच्याही वर एक फळी. फळीवर देवांचा डबा, घराची कागदपत्रं आणि प्लास्टिकमध्ये बांधलेला दहावा खंड.

"पूर आला की आधी हे तीन वर जायाचं," बाळासाहेब म्हणाले. "मग मान्सं."

"इतकं जपलंत, तर परत का नाही केलात?"

"करायचा व्हता हो. दोनदा गेलतो. पन म्हातारा पैल्यांदा विचारतोय काय, धावा आनलास का? कसा हायस म्हनून न्हाई, बस म्हनून न्हाई. मंग मीबी बोललो. आनि एकदा बोललो की बोललो."

घाटाच्या पायऱ्यांवर औदुंबराच्या सावलीत आम्ही बसलो. समोर कृष्णा, जराशी पलीकडे पंचगंगा येऊन मिळते ती जागा. देवळातून आरतीचा आवाज येत होता. लोक नदीत पाय धुऊन वर चढत होते आणि दोन मध्यमवयीन माणसं चित्रकथा उघडून बसलेली बघून वळून बघत होते. बाळासाहेबांनी नववा घेतला, मी दहावा.

दहाव्याच्या पहिल्या चित्रात नळी तुटलेली. बुडबुडे. सारंग शिरस्त्राण फेकतो, बुडालेल्या जहाजाच्या भोकातून निसटतो आणि श्वास संपता संपता वर येतो. होडीत खलाशांचा म्होरक्या, एक म्हातारा तांडेल, मनगटात तांब्याचं कडं. आणि सारंग त्याच्या गळ्यात पडतो. गोष्ट संपली.

मी पान उलटून बघितलं. खरंच संपली होती. सुरा मारणारा तांडेल होता, आणि सारंगने त्याला मिठी मारली होती. इतकी वर्षं मी वाट बघितली ती या शेवटासाठी?

"काहीतरीच शेवट आहे हा," मी म्हटलं.

"तेच तर!" बाळासाहेबांनी नववा गुडघ्यावर आपटला. "सगळं आयुष्य मी हेच म्हनतोय. ज्यानं नळी कापली, त्याच्याच गळ्यात पडतोय! येडा म्हनावं का काय ह्या सारंगला? घरात सगळ्यांला इचारलं. बायको म्हनते, त्यो त्याचा बाप असंल. पोरगी म्हनली, चित्रकार बदलला असंल."

"पुढे वाचा."

ते बोट फिरवत हळूहळू वाचत होते. सवय मोडलेली दिसत होती. मी नदीकडे बघत बसले. एकाएकी माझा दंड धरून त्यांनी जोरात हलवला.

"ओ ताई! ह्यो बघा! पंपाजवळ बघा!"

मी वाकून बघितलं. नवव्याच्या शेवटून तिसऱ्या पानावर, होडीवरच्या मोठ्या चित्राच्या कोपऱ्यात, हवेच्या पंपाशी सारंगच्या वाईटावर टपलेला दलाल नारंगशेट उभा होता आणि पंपाच्या तोंडाशी पिवळा धूर. छोटासा. मी हे पान लहानपणी कितीदा पाहिलं असेल, कालही पाहिलं होतं, मोजून, तपासून. पण माझं लक्ष कायम पुढच्या सुऱ्याकडे.

"हवेत इख सोडलंय त्यानं," बाळासाहेब जवळजवळ उभेच राहिले. "तांडेलानं नळी कापली म्हनून वाचला सारंग! न्हाईतर मेला असता की हो आत!" त्यांचा आवाज एवढा चढला की पायऱ्या उतरणारा एक जण थांबला. "कोन मेलं?" त्याने विचारलं.

"मेलं न्हाई, वाचलं!" बाळासाहेबांनी सांगितलं.

मग ते खाली टेकले. दोन्ही खंड त्यांनी एकमेकांना लावून मांडीवर धरले होते. "तांडेलाला मी लई शिव्या दिल्या हो," शेवटी म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "चाची कशानं गेल्या?"

मी रेहानाकडून ऐकलं होतं तेवढं सांगितलं.

"धावा त्यांनीच दिला मला. म्हनल्या, घे बाबा, तोंड पाडू नगंस." त्यांनी दहावा प्लास्टिकमध्ये बांधायला घेतला. मला वाटलं, आता माझ्या हातात देतील. दिला नाही. "हा मी घिऊन येनार. उद्या. माझ्या हातानं."

पुन्हा कोल्हापूर, सोमवार

सकाळी मी नववा घेऊन लवकर दुकानात जाऊन बसले. व्यापारी दुपारी येणार होता. चाचा खंड पुसत होते आणि दाराकडे बघत नव्हते, म्हणजे किती बघत नव्हते ते दिसत होतं. रेहाना दोनदा बाहेर येऊन बोळात डोकावून गेली.

बाळासाहेब पायरीवर आले. एका हातात बासुंदीचा डबा, दुसऱ्या हातात दहावा. वर आले नाहीत. तिथेच उभे राहिले.

"धावा आनलाय," ते म्हणाले.

चाचांनी खंड घेतला. प्लास्टिक सोडलं. शिवणीवरून अंगठा फिरवला, पाठ बघितली, कडा बघितल्या. मग मला वाटलं आता बोलतील, काहीतरी मोठं बोलतील. ते उठले, फळीवर दहावा नवव्याशेजारी बसवला, आणि त्याच हाताने सवयीने पुढचा खंड काढून बाळासाहेबांसमोर धरला.

"अकरावा," चाचा म्हणाले.

बाळासाहेबांना समजायला क्षण लागला. मलाही. दहाव्याच्या शेवटीही चाचांनी एक गोष्ट तोडलेली होती. इतकी वर्षं तीही अर्धीच होती.

"बस की, उभा का?" चाचा म्हणाले. "कसा हायस?"

बाळासाहेब बसले. रेहाना चहा घेऊन आली आणि बासुंदीचा डबा आत घेऊन गेली. तिचे डोळे ओले होते. "मी कांदा चिरत होतो," म्हणाली, कुणी विचारलं नसताना.

बाळासाहेबांनी पायरीवरच अकरावा उघडला. मी घड्याळ बघितलं, मग परतीचं तिकीट बघितलं, मग दोन्ही पर्समध्ये ठेवून दिली. चाचांनी मुलाला फोन लावला आणि एवढंच म्हणाले, "व्यापाऱ्याला येऊ नगं म्हणून सांग. घर मिळालंय."

"शब्द देते," मी म्हटलं. "उसवणार नाही."

योग्य किंमत मी ठरवली आणि ती चाचांनी मान्य केली. त्याबद्दल इथे अधिक लिहिण्यासारखं काही नाही, फक्त माझ्या नेहमीच्या पद्धतीने ती ठरली नाही एवढं खरं. अर्ध्या अंकांचे पैसे मी या वेळी कापले नाहीत.

अडचण वेगळीच आली. मी खंड बांधायला घेतले तर अकरावा बाळासाहेबांच्या मांडीवर, आणि बारा, तेरा, चौदा यांना चाचा हात लावू देईनात.

"त्यानं वाचल्याबिगर कसं न्हेशील? पुढला वाचक थांबलाय."

"चाचा, दुकान बंद होतंय ना?"

"दुकान. वाचनालय कुनी बंद केलंय? माझ्या खाटंखाली चार खंड मावतात." ते बाळासाहेबांकडे वळले. "एका वेळी एकच. आधी अकरावा आन, मग बारावा."

"व्हय व्हय," बाळासाहेब मान वर न करता म्हणाले. "नियम म्हंजे नियम."

तर मी दहा खंड घेऊन नाशिकला परतले. निघताना चाचांनी डिपॉझिटची पिशवी आणून दिली. हलकी लागली म्हणून मी सवयीने उघडून बघितली. कपडे होते, डबा होता, यादी होती. कटर नव्हता.

"त्यो ऱ्हाऊ दे माझ्याकडं," चाचा म्हणाले. "डिपॉझिट."

आता माझ्या कपाटात एक ते दहा ओळीने उभे आहेत आणि पुढे चार खंडांची मोकळी जागा आहे. कप्पा रिकामा राहिलेला मला खपत नाही, पण तिथे मी काही ठेवलेलं नाही. परवा रात्री वाडीहून फोन आला. बाळासाहेब नमस्कारसुद्धा न करता ओरडत होते.

"ताई, बारावा तोडलाय हो म्हाताऱ्यानं! सारंग सुरुंगावर बसलाय, वात पेटलीया, आनि पुढचं पानच न्हाई!"

"मग?"

"मग काय? सकाळच्या पैल्या गाडीनं चाललोय. पायरीवर जाऊन बसतो."